घाटमाथ्यावरची अन्नबंदी

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांच्या दरम्यान नवनगर वसले आहे. त्याला लागूनच अमरगोळचे रेल्वे स्थानक आणि हुबळीच्या बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. कांदा, बटाटा, मिरची यांची पोती येथे चढतात आणि उतरतात. येथून पश्चिमेकडे निघालेला लोहमार्ग धारवाड, अळणावर, लोंढा करीत कॅसलरॉकला पोहोचतो, दूधसागरच्या धबधब्याजवळून घाट उतरतो आणि मुरगाव बंदराला जाऊन मिळतो. आज या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशास सीमा कोठे ओलांडली हे जाणवतही नाही. परंतु याच घाटमाथ्यावर एके काळी दोन राज्यसत्तांची जकात नाकी समोरासमोर उभी होती, आणि शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय जावे व काय जाऊ नये याचा निर्णय तेथे होत असे.

असा पहिला मोठा निर्णय मिठाच्या बाबतीत झाला. गोव्याच्या खाडीकाठची मिठागरे प्राचीन. तेथील मीठ लमाणांच्या बैलांवरून घाट चढे आणि परतताना तेच बैल देशावरचे धान्य खाली नेत. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता. त्यामुळे गोव्याचे स्वस्त मीठ सरकारच्या डोळ्यांत सलत होते. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये करार झाला. गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांच्या हाती गेले. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत दूर झाली आणि मुरगावचे बंदर व त्याला जोडणारी रेल्वे यांचा मार्ग मोकळा झाला. पण आपल्याच किनाऱ्यावर पिकणारे मीठ कर भरून विकत घेण्याची पाळी गोव्यातील गरिबावर आली. असंतोष वाढत गेला आणि १८९२ च्या आरंभी हा करार संपुष्टात आला. करार गेला, रेल्वे मात्र राहिली. दक्षिण मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडात होते. पुढे त्याच इमारतीत कर्नाटक कॉलेज नांदू लागले. हुबळीत रेल्वेचा कारखाना निघाला. घाटावरच्या धान्याला समुद्र आणि गोव्याला अन्नाचे कोठार, असा दुहेरी लाभ या लोहमार्गाने दिला.

दुसरा निर्णय स्वतंत्र भारताच्या सरकारने घेतला, आणि त्याचा हेतू अगदी निराळा होता. पोर्तुगाल गोवा सोडण्यास तयार नव्हते. वाटाघाटींना यश येत नव्हते. युद्ध करावयाचे नाही आणि स्वस्थही बसावयाचे नाही, अशा पेचात १९५४ पासून आर्थिक निर्बंधांचा मार्ग निवडण्यात आला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर नाकेबंदी पक्की झाली. रेल्वेची वाहतूक थांबली, वकिलातीचे संबंध तुटले, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांनी घरी पैसे पाठविण्यावरही बंधने आली.

गोव्याची लोकसंख्या १९६० साली सुमारे ५ लाख ९० हजार होती. तेथे पिकणारा भात वर्षभर पुरत नसे. तांदूळ, भाजीपाला, बटाटे, चहा, कापड या सर्वांसाठी गोवा घाटमाथ्याकडे पाहत आला होता. तो पुरवठा बंद होताच टंचाई झाली आणि भाव चढले. परंतु पोर्तुगीज सत्ता वाकली नाही. तिने समुद्राकडे तोंड वळविले. बटाटे हॉलंडहून आले, तांदूळ व भाजी पाकिस्तानातून आली, चहा सिलोनहून, सिमेंट जपानमधून. दाभोळीला विमानतळ उभा राहिला आणि कराचीशी हवाई दळणवळण सुरू झाले. बेळगावचा बटाटा एका दिवसाच्या वाटेवर असताना गोव्याच्या गृहिणीने युरोपातला बटाटा शिजवावा, असा हा विलक्षण प्रसंग होता.

एवढ्या लांबून धान्य आणण्यास पैसा कोठून आला? त्याचे उत्तर गोव्याच्याच डोंगरांत आहे. त्याच वर्षांत जपान व पश्चिम जर्मनी यांना गोव्याचे लोहखनिज हवे होते. दशलक्षावधी टन खनिज बोटींनी परदेशी गेले आणि त्याच्या मोलावर परदेशी अन्न आले. नाकेबंदी करणाऱ्यांच्या हिशेबात हे खनिज पुरेसे धरले गेले नव्हते. ज्याच्यापाशी विकण्यासारखे काही आहे आणि ज्याचे बंदर उघडे आहे, त्याला केवळ जमिनीवरून उपाशी ठेवता येत नाही.

मग झळ कोणास लागली? खाणमालक अथवा अधिकारी यांस फारशी नाही. ज्याचा मुलगा मुंबईत राबत होता त्या वृद्धास लागली. जो रोजचा शिधा रोज विकत घेतो त्यास लागली. घाटमाथ्यावरही तीच कथा. धारवाड जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, पुढे म्हैसूर राज्यात गेला. पण राज्य बदलले तरी घाटाखालची जुनी गिऱ्हाइकी बंदच राहिली. उलट चोरटा व्यापार फोफावला. पूर्वी घाटावरचा माल उघडपणे खाली जाई. आता सोने, घड्याळे आणि परदेशी मद्य लपूनछपून वर येऊ लागले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तो अन्नबंदीने नव्हे, तर १७ ते १९ या तीन दिवसांच्या लष्करी कारवाईने. त्यानंतर भारताचे आयात निर्बंध गोव्यासही लागू झाले. परदेशी डबे दुकानांतून हळूहळू नाहीसे झाले आणि घाटमार्गाने भाजीपाला पुन्हा उतरू लागला. रेल्वेने तुटलेला धागा पुन्हा जोडला.

म्हणून ती नाकेबंदी सर्वस्वी चूक होती असे म्हणता येणार नाही. रक्तपात टाळण्याची इच्छा तिच्या मुळाशी होती, आणि सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या सत्तेशी नित्याचा व्यापार चालू ठेवणे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्रास अवघड होते. तथापि, ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी ती केली त्यांच्याच ताटाला तिने प्रथम हात घातला, हेही खरे. पोर्तुगीजांनी या टंचाईचे भांडवल करून भारताविरुद्ध प्रचार केला, तो याच कारणाने.

२०२० च्या मार्चमध्ये साथीच्या काळात कर्नाटकाच्या सीमेवर गाड्या अडल्या, तेव्हा गोव्यात भाजीसाठी पुन्हा हालअपेष्टा झाल्या. त्या वेळी कोणी शत्रू नव्हता, युद्ध नव्हते. केवळ वाट बंद होती. सरकारांची सीमा नकाशावर असते. अन्नाची सीमा पिकवणारा आणि खाणारा यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघेवीने आखलेली असते. ती पुसू पाहणाऱ्या प्रत्येक आज्ञेची किंमत अखेर चुलीपाशी बसलेल्या माणसाला मोजावी लागते. अमरगोळच्या आवारातून निघणारे प्रत्येक पोते हीच साक्ष घेऊन घाटाकडे जाते.