डाक आवृत्तीचं गाव

पहाटे साडेचारला उठा. गजर लावायची गरज नाही, अण्णा खोकतातच. तारीख २६ जून १९८३, वार रविवार, गाव बार्शी. आजच्यापुरते तुम्ही अण्णांचे थोरले चिरंजीव आणि भगवंत मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या पेपर एजन्सीचे मालक. मालक म्हणजे सायकल तुमची, गल्ला अण्णांचा.

झोप झालेली नाही, कारण निम्मं गाव रात्री जागं होतं. बाराच्या सुमाराला शेजारच्या माडीवर रेडिओभोवतीची माणसं एकदम ओरडली. वेस्ट इंडीज १४० सर्वबाद, आपण ४३ धावांनी जिंकलो. कुणीतरी दिवाळीतले उरलेले फटाके काढले, ते सर्दाळलेले. दहातले चार वाजले. अण्णांनी कूस बदलली आणि म्हणाले, "उद्या शिव्या खायच्यात. झोप."

का, ते स्टँडवर कळेल.

कुर्डुवाडीची पहिली एसटी येते तेव्हा अजून झुंजूमुंजू असतं. कुर्डुवाडी ते बार्शी रुळांवरूनही येता येतं. कॅलथ्रॉप नावाच्या साहेबानं १८९७ साली अडीच फुटी रुळांवर इथली छोटी गाडी चालू केली, ती अजून धावते. पण धावते हा शब्द तिच्याबद्दल प्रेमानं वापरायचा. पेपरवाल्याला प्रेम परवडत नाही, म्हणून गठ्ठे एसटीच्या टपावर. मुंबईचे पेपर रात्रीच्या रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरतात आणि तिथून इकडं. कंडक्टरला एक अंक फुकट द्यायचा. हे कुठल्याही करारात नाही, पण मोडून बघा.

गठ्ठा सोडण्याआधी वरची चिठ्ठी वाचा, एजंटाचं नाव आणि प्रती. मग मोजा. सुतळी कापू नका, गाठ सोडवा. आजी ती गुंडाळून ठेवते. आता पहिलं पान बघा.

भारत सर्वबाद १८३.

बस, एवढंच. श्रीकांतच्या ३८ धावा सगळ्यांत जास्त, आणि पुढं विंडीजसमोर हे आव्हान किती तोकडं आहे याबद्दल दोन जड वाक्यं. ही डाक आवृत्ती. रात्रीची गाडी पकडायची तर लांबच्या गावांचे अंक आधी छापून मोकळे करावे लागतात. मुंबईत आज सकाळी ज्याच्या दारात पेपर पडला त्याला विश्वचषक मिळाला. बार्शीला डाव अर्धाच पोचला. अंकावरची तारीख तीच, किंमतही तीच.

स्टँडच्या फरशीवरच पुरवण्या घालायला बसा. हे काम बायकोइतकं जलद कुणाला जमत नाही. बोटाला थुंकी न लावता ती पान उचलते. "अहो, पंधरा पुरवण्या कमी आल्यात," ती मान वर न करता सांगते. आता खरी परीक्षा. कुणाला पुरवणी द्यायची नाही? डॉक्टरांकडं शब्दकोडं सोडवतात, तिथं हवीच. वकिलांच्या आई पाककृती कापून ठेवतात. सलूनला नको, तिथं गिऱ्हाईक पहिल्या पानाच्या पुढं जात नाही. ज्या घरची मुलगी बाळंतपणाला आलीय तिथं या महिन्यात कुणी काही उघडून बघत नाही. पंधरा घरं तिनं बोटांवर मोजून काढली. गावाची खानेसुमारी करणाऱ्यांनी पेपरवाल्याच्या बायकोला कधी विचारलं नाही, हे सरकारचं नुकसान.

मग लाइन. तीन पोरं तीन दिशांना जातात, चौथी लाइन तुमची. आर्द्रा लागल्यात, आभाळ भरलेलं, म्हणून पिशवीवर मेणकापड. अंक तिहेरी दुमडून टोक आत खुपसा आणि मनगटानं सोडा; पहिल्या मजल्यावर बरोबर जातो, तुळशीवर पडला नाही म्हणजे मिळवली. हात आत्ताच काळे झालेत. ही शाई साबणाला दाद देत नाही. अण्णांच्या नखांत ती तीस वर्षांपासून आहे.

निवृत्त तलाठी भाऊसाहेब ओट्यावर वाटच बघत असतात. पान उलटून तुमच्याकडं बघतात.

"कालचा पेपर दिलास व्हय रं?"

"आजचाच हाय, भाऊसाहेब. डाक आवृत्ती."

"रेडिओ म्हनतोय जिंकलो, तुझा पेपर म्हनतोय अवघड हाय. पैशे कापनार मी."

पुढच्या साठ घरी हेच, कमीअधिक. वाद घालू नका. साडेसातला सोलापूरची गाडी येते आणि तिथल्या पेपरात निकाल आहे, घाईघाईनं बसवलेल्या मथळ्यात का होईना. सत्तर किलोमीटरवरचा छापखाना मध्यरात्रीनंतरही यंत्र थांबवू शकतो, मुंबईचा नाही. एरवी सोलापूरचे पंचवीस अंक दुपारपर्यंत पुरतात. आज दहा मिनिटांत संपतात आणि सव्विसावा माणूस तुमच्यावरच चिडतो.

दुकानात मात्र क्रिकेटला फारशी किंमत नाही, कारण शाळा सुरू होऊन पंधरवडाच झालाय. शंभर पानी, दोनशे पानी, चार रेघी, खाकी कव्हराचे ताव, नवनीतची गाइडं. एजन्सी पेपरवर चालते, घर वह्यांवर चालतं. दोरीला 'चांदोबा', 'किशोर', 'किर्लोस्कर', 'लोकप्रभा' टांगलेले. रोजगार समाचार घ्यायला येणारी पोरं जाहिराती उभ्यानंच उतरवून घेतात आणि अंक परत ठेवतात. अण्णा बघतात, बोलत नाहीत. राज्य लॉटरीवाले निकालाच्या पानावर बोट ठेवून आकडे पुटपुटतात. बाकावर फुकट वाचणारे सहाजण आहेत, एका अंकाची तीन पानं तिघांत वाटून. त्यांना उठवू नका. ते उठले तर दुकान बंद असल्यासारखं दिसतं.

आता आजचा खरा प्रश्न: उद्याच्या प्रती. पूर्ण सामन्याचं वर्णन, कपिलचा चषकासकट फोटो, सगळं सोमवारच्या अंकात येणार. वाढ मागायची असेल तर आजच, आणि पोस्टकार्डाला वेळ नाही. समोरच्या अडत्याकडं फोन आहे. दहा वाजता मुंबईला अर्जंट ट्रंक कॉल लावा.

"किती मागणार?" अण्णा विचारतात.

"शंभर."

"उरले तर परत घेत न्हाईत ते. रद्दीच्या भावानं जातील. निकाल तर समद्यांना ठाऊक झालाय, आता कोन घेतंय?"

अण्णांचं गणित चुकीचं नाही. चुकतं ते माणसांबद्दल. जे रात्री कानानं ऐकलं ते डोळ्यांनी वाचल्याशिवाय आपल्याकडं झालंसं वाटत नाही. लग्न लागलं तरी पत्रिका जपून ठेवणारी ही माणसं. तुम्ही चाळीस वर्षं पुढून आलाय, ती कात्रणं अजून कपाटांतून निघतात हे तुम्ही पाहिलंय. अण्णांना ते सांगता येत नाही, म्हणून नुसतं म्हणा, "माझ्या जबाबदारीवर."

कॉल पावणेचारला लागतो. लाइनीत समुद्र घोंघावतोय. "शंभर जास्त!" तुम्ही ओरडता. पलीकडून, "शंभर कमी?" "जास्त! जा-स्त!" अडत्याचे हमाल पोती खाली ठेवून ऐकत उभे राहतात. तीन मिनिटं संपतात, फोन तुटतो. काय ऐकलं गेलं ते देव जाणे.

सोमवारी पहाटे चिठ्ठीवर पन्नास जास्त. बहुधा मुंबईत कुणीतरी दोघांच्या मधला आकडा धरला. आठ वाजायच्या आत एकही उरत नाही. भाऊसाहेब स्वतः चालत दुकानात येतात, घरी टाकलेला आहेच, वरून दोन आणखी नेतात. एक पुण्याच्या जावयासाठी, ज्याला निकाल कालच छापून मिळालाय. अण्णा गल्ला मोजून एवढंच म्हणतात, "शंभरच यायला हवे होते." रविवारचे पैसे कापायचं भाऊसाहेब विसरलेले नाहीत, एक तारखेला बिलातून वजा करतील. द्या करू.

निघताना आठवण म्हणून त्या गल्ल्यातली षटकोनी वीस पैशाची नाणी खिशात घातलीत तर घाला. इकडं ती कुणी घेणार नाही. चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली.