दुसरी पसंती

गेल्या बैठकीत आमच्या देवरुखच्या गटात अध्यक्षपदासाठी तीन नावं आली. वीस चिठ्ठ्या. एकीला नऊ, दुसरीला सात, तिसरीला चार. नऊवाली जिंकली म्हणावं, तर अकराजणींनी तिला मत दिलेलंच नाही! जरा बोलाचाली झाली आणि आम्ही तशाच उठलो.

असाच पेच १९६९ साली देशापुढे पडला होता. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन मे महिन्यात पदावर असतानाच वारले. निवडणुकीला पंधरा जण उभे राहिले, पण झुंज तिघांत. काँग्रेसचे नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि आपल्या कोकणचे चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्राला मिळेना म्हणून १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं होतं. (त्यांच्या पत्नी दुर्गाबाई संविधान सभेत होत्या. त्यांच्यावर एकदा वेगळं बोलायला हवं.) पंतप्रधान इंदिरा गांधींनी रेड्डींचं नाव सुचवणारी सही केली आणि मतदानाच्या तोंडावर सांगितलं, मनाला पटेल त्याला मत द्या!

राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, आपले खासदार-आमदार देतात. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालतात. एकेका मताचं मूल्य मोठं, म्हणून बेरीज लाखांत जाते. २० ऑगस्टला मोजणी झाली. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणीच पोचलं नाही.

मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत गेले. बाद झालेल्याच्या चिठ्ठीवर पुढची पसंती ज्याला, ती चिठ्ठी त्याच्या गठ्ठ्यात. देशमुखांच्या चिठ्ठ्याही अशाच वाटल्या गेल्या. त्यांना स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा पाठिंबा होता. या फेऱ्यांत रेड्डींची ९१,८७९ मतं वाढली, गिरींची फक्त १८,५६२. रेड्डी पार जवळ आले, पण अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक अवघा १४,६५० चा.

आम्ही पडलो हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या. बेरीज ताडून पाहिली, तर १०,८३३ मूल्याची मतं शेवटी दोघांपैकी कुणापर्यंतच पोचली नव्हती.

आमच्या चिठ्ठ्यांवर तर एकेकच नाव होतं. त्या चौघींना उरलेल्या दोघींपैकी कोण चालेल, हे आम्ही विचारलंच नाही. आता येत्या बैठकीत पुन्हा चिठ्ठ्या. तिन्ही नावं आधी वाचून दाखवायची, नावापुढे ज्यांची त्यांची खूण काढायची. आकडा घालता येत नसेल तिने पहिल्या पसंतीला एक उभी रेघ मारायची, दुसरीला दोन.