मास्तरांच्या पगाराचा धनी

पगारबिलावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवायचं आणि त्यावर आडवी सही ठोकायची, हे आईचं दर महिन्याचं काम. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तालुक्याच्या गावाहून एक गुरुजी कापडी पिशवीत सगळ्यांची रोकड आणायचे. ती पिशवी कधी येईल हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. 'बिल अडकलंय', 'साहेब रजेवर आहेत', 'तरतूद आली नाही' ही ठरलेली उत्तरं. तरतूद हे कुणातरी बाईचं नाव असावं, अशी माझी लहानपणी बरीच वर्षं समजूत होती. ती आली की पगार व्हायचा, आणि ती कधी वेळेवर यायची नाही.

पगार हा शब्द पोर्तुगीजांचा. 'पगार' म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे देणं, चुकतं करणं. गोवा-वसईच्या किनाऱ्यावरून तो आपल्याकडे आला आणि मराठीत क्रियापदाचं नाम झालं. देणाऱ्याची क्रिया मागे पडली, घेणाऱ्याची वाट पाहणं उरलं.

सरकारी शाळा येण्याआधी गावठी शाळेतल्या पंतोजीला पगार नव्हता, पण त्याचा धनी कोण हे त्याला ठाऊक होतं. पोरांचे बाप धान्य देत, थोडी फी देत, सणासुदीला शिधा देत. कमी मिळे, कधी मिळतही नसे. पण न देणारा रोज पारावर भेटत असे. पुढच्या दीडशे वर्षांत मास्तरांची मिळकत वाढली, सुरक्षितही झाली. हरवला तो हा पारावर भेटणारा माणूस.

तो हरवायला सुरुवात झाली १८६३ साली. त्याआधी १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची कल्पना आणली होती आणि मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं होतं. १८६३ मध्ये शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसली, १८६९ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. या पट्टीतला एक तृतीयांश भाग शाळांसाठी होता. म्हणजे पैसा कुणब्याच्या खळ्यावरून निघायचा, कलेक्टर कचेरीत जमा व्हायचा, शिक्षण खात्याच्या मंजुरीने सुटायचा आणि दिपोटीचा, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाचा, शेरा बरा असेल तर मास्तरच्या हाती पडायचा. देणारा एक, मोजणारा दुसरा, सोडणारा तिसरा. मास्तरने नेमकं कुणाशी भांडायचं?

हा गुंता सर्वांत स्पष्ट दिसला तो जोतीराव फुल्यांना. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्याचा गाभा आपण सांगत असतो: रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. पण त्याच निवेदनात मास्तरांच्या पगाराचा हिशेबही आहे, आणि तो फारसा कुणी वाचत नाही. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये द्या, मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्या, असं ते आकड्यांत सांगतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या म्हणतात. आणि पुढे एक चतुर सूचना करतात: गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपालाचं काम, स्टॅम्पविक्री असली कामं शिक्षकाकडे दिली तर त्याचं गावातलं वजन वाढेल.

ही सूचना वाचताना मला दर वेळी हसू येतं आणि मग येत नाही. काम जोडा म्हणजे मान आणि मिळकत वाढेल, हा जोतीरावांचा हेतू. सरकारने त्यातला पहिला अर्धा भाग मनापासून अमलात आणला. जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा तांदूळ, ऑनलाइन माहिती भरणं ही सगळी कामं मास्तरकडे आली. दुसरा अर्धा भाग कुठल्या फायलीत आहे, देव जाणे.

त्याच दशकात पुण्यात पगारावरून दुसरंच भांडण पेटलं होतं. त्यातली माणसं मोठी असल्याने आपण त्याला तत्त्वांचं भांडण म्हणतो. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वाहायचं, असा करार. गोखल्यांनी पंचाहत्तर रुपयांवर नोकरी केली आणि तीस रुपयांच्या पेन्शनीवर ती सोडली. पण घरात दमा आणि दारिद्र्य नांदत असलेल्या आगरकरांना वाटे की संसार वाढला तर वेतनही वाढावं. टिळकांना वाटे की त्यागाला एकदा अपवाद केला की तो त्याग राहत नाही. पगारवाढ आणि बाहेरची कमाई या प्रश्नांवरून माणसं दुरावली, इतरही कारणं साचत गेली, आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. लांबलचक, सकारण राजीनामा. महाराष्ट्रातल्या शिक्षकाने पगाराच्या वादावर लिहिलेला इतका वजनदार कागद दुसरा नसेल, आणि तो लिहिणारा पगार वाढवू नका म्हणणाऱ्या बाजूचा होता!

टिळक स्वतः त्याग करत होते, म्हणून त्यांना तो मागायचा अधिकार होता. ही चाल पुढे शेकडो शिक्षणसंस्थांनी उचलली, पण एक बदल करून. त्याग आता संस्थाचालक मागू लागले आणि करू लागले मास्तर. सही एका आकड्यावर, हातात दुसराच आकडा, हे खासगी शाळांतलं जुनं, सर्वांना माहीत असलेलं गुपित. रेव्हेन्यू तिकिटाखाली काय काय दडलं असेल!

प्राथमिक मास्तरची वाट वेगळी होती. १९२३ च्या कायद्याने तो लोकल बोर्डाच्या ताब्यात गेला. बोर्डावर निवडून आलेला पुढारी आणि मास्तरची बदली यांचं नातं तेव्हापासूनचं. १९३८ ला कायदा दुरुस्त करून सरकारने मधे आपला प्रशासन अधिकारी बसवला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळं आली आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा. मास्तर पुन्हा नव्या घरी नांदायला. पैसा आता बहुतांशी राज्याचा, नेमणूक आणि बदली जिल्हा परिषदेची, बिलावरची सही पंचायत समितीत. १८६३ चे तीन हात तसेच राहिले, फक्त बाह्या बदलल्या.

या साऱ्यात शिक्षकांची सर्वांत मोठी कमाई झाली ती सत्तरच्या दशकात. १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा संप. सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही उतरले. मागणी होती केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. 'केंद्राप्रमाणे' हा शब्द तेव्हापासून शिक्षकांच्या तोंडी असा बसला की आजही भत्त्याचा विषय निघाला की पहिला तोच येतो. त्याच सुमारास खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी सेवाशर्तींचा कायदा झाला, १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. अनुदानित शाळांचा पगार वेतन पथकामार्फत थेट बँकेत जाऊ लागला आणि संस्थाचालकाचा हात निदान पगाराच्या पाकिटातून तरी निघाला.

आणि मग चटोपाध्याय. प्रा. डी. पी. चटोपाध्याय हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, १९८३ ते ८५ च्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष. पदोन्नती नसलेल्या शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी हा लाभ त्यांच्या नावाने ओळखला जातो. जिल्हा परिषदेत गेलात तर 'तुमचं चटोपाध्याय लागलं का?' असं कुणीतरी कुणाला तरी विचारताना ऐकू येईल. बंगाली विचारवंताचं आडनाव इथे वेतनश्रेणी होऊन बसलं आहे, आणि त्याची फाइल वर्षानुवर्षं टेबलावरून टेबलावर फिरते. निवड श्रेणी तर सगळ्यांना नाहीच, वरिष्ठ श्रेणीतल्या वीस टक्क्यांना.

इथून पुढचा इतिहास आकड्यांपेक्षा शब्दांचा आहे. सरकारला पैसे वाचवायचे असले की आधी नवा शब्द लागतो. २००० साली 'शिक्षण सेवक' आला: पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला तीन हजार, माध्यमिकला चार, कनिष्ठ महाविद्यालयाला पाच. मान आणि धन या दोन चांगल्या शब्दांची जोडी करून दोन्ही न देण्याची ही युक्ती मोठी नामी. पुढे ते सहा, आठ, नऊ हजार झालं, आणि सोळा, अठरा, वीस हजार व्हायला २०२३ उजाडावं लागलं. २००१ मध्ये विनाअनुदानित शाळांपुढे 'कायम' हा शब्द लागला. एरवी कायम होणं म्हणजे मास्तरच्या आयुष्यातला पेढे वाटण्याचा दिवस. इथे मात्र कायम होतं ते पगार नसणं. २० जुलै २००९ ला तो शब्द वगळला गेला. शब्द गेला, पैसे लगेच आले नाहीत. मूल्यांकन, पात्र याद्या, मग २०१६ पासून वीस टक्के अनुदान, पुढचा वीस टक्क्यांचा टप्पा, त्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन. 'टप्पा' या शब्दाला शिक्षकांच्या बोलीत आता जो अर्थ आहे, तो एसटीलाही नाही.

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख तर पिढी दुभंगणारी ठरली. त्यानंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्क्यांची कपात, आणि म्हातारपण बाजाराच्या भरवशावर, असं तेव्हा ठरलं. सर्वांत चिघळला तो त्यांचा प्रश्न, जे त्या तारखेआधी लागले पण ज्यांच्या शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळालं. नेमणूक आधीची, अनुदान नंतरचं. मग हा माणूस नोकरीला नेमका कधी लागला? शंभर टक्के शिकवत होता तेव्हा, की शंभर टक्के मिळू लागलं तेव्हा? सरकारने दुसरी तारीख धरली. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला, आठवडाभरात मिटला.

आता शालार्थ प्रणाली आहे. बिल संगणकावर, तिकीट नाही, आडवी सही नाही. कापडी पिशवी गेली, चांगलंच झालं. पण प्रणालीने फक्त कागद पुसला, हात नाही पुसले. मुख्याध्यापक बिल पुढे पाठवतो, ते गटशिक्षणाधिकाऱ्याकडे किंवा वेतन पथकाकडे थांबतं, तिथून कोषागारात थांबतं, आणि थांबलं की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. वैद्यकीय बिलांना तर वेगळाच प्रवास: आजारपण सरतं, कर्ज सरत नाही, आणि त्रुटी काढून फाइल परत येते. तिकडे २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडं पडलं. ज्यांचा पगार रखडतो त्यांची कागदपत्रं वर्षभर तपासली जातात, आणि ज्यांची नेमणूकच बनावट त्यांचा पगार निघत होता.

आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या मामेभावाची बायको घरी आली होती, तीही शिक्षिका. तिने मोबाइल पुढे केला. शाळेच्या ग्रुपवर कुणी विचारलं होतं, 'पगार कधी?' खाली उत्तर होतं, 'तरतूद नाही.'

आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अजून आली नाही होय ती?"