उष्णतेची चढण

परवा आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या हीट पंपावरून चांगलीच जुंपली! थंडीत नळाला पाणी कोमट येतं म्हणून कमिटीने टाकीचं तापमान 55 वरून 65 अंशांवर नेलं आणि विजेचं बिल फुगलं. "दहाच अंश तर वाढवलेत," असं बहुतेकांचं म्हणणं. मला मात्र चाळीसेक वर्षांपूर्वीचा एक तास आठवला.

मी बी.ए. झालेला मराठीचा मास्तर. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून त्यांच्या तासावर गेलो होतो. पुस्तकात बघून सांगितलं, उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग बर्फाच्या कारखान्यात ती उलटी कशी जाते?" मला उत्तर येत नव्हतं. "खाली बस," एवढंच म्हणालो.

उत्तर तेव्हाही शंभराहून अधिक वर्षं जुनं होतं. 1824 साली सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरने दाखवलं की इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे दोन तापमानांवरच ठरतं. त्याचं पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. 1832 मध्ये, अवघ्या 36 व्या वर्षी तो कॉलऱ्याने गेला. पुढे 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी मांडलं की हेच चक्र उलटं फिरवून इमारती उबदार करता येतील. हाच हीट पंप, फ्रिजचा सख्खा भाऊ!

आणि हे सगळं आमच्या दाराशीच होतं की. चिंचवडची थरमॅक्स 1966 साली वॅन्सन इंडिया म्हणून सुरू झाली, 1980 मध्ये तिचं नाव बदललं. वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी गारव्याची यंत्रं आणि हीट पंप ती बनवते.

तो विद्यार्थी पुढे चाकणकडे एका कारखान्यात लागला. त्यालाच फोन केला. म्हणाला, "सर, विहिरीतून पाणी शेंदताना आपण पाणी तयार करत नाही, फक्त वर आणतो. विहीर खोल तितके कष्ट जास्त." मग हिशोब सांगितला. तापमानात 273 मिळवायचे आणि चढणीने भागायचं. हवा 20 अंश, पाणी 55, म्हणजे 328 भागिले 35. एका युनिट विजेमागे फार तर नऊ युनिट उष्णता. पाणी 65 केलं की 338 भागिले 45, साडेसातच. खऱ्या यंत्राला याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, पण प्रमाण तेच. "कारखान्यात एकीकडे पार्ट धुवायला गरम पाणी लागतं, दुसरीकडे चिलर उष्णता बाहेर फेकतो. या दोघांची गाठ घातली की चढण कमी होते. तुमचे पाईप उघडे आहेत का?"

होते! गच्चीपासून खालपर्यंत उघडेच. आता त्यांना वेष्टण घातलंय, टाकी पुन्हा 55 वर आली आहे आणि नळाला पाणी पुरेसं गरम येतंय.

फोन ठेवताना त्या तासाबद्दल माफी मागितली. त्याला काही आठवत नव्हतं. मला आठवतंय. असो. वाचकांत कुणी मास्तर असाल तर मुलाला "मला माहीत नाही, आपण शोधू" असं म्हणून बघा. मला ते जमायला सत्तरी ओलांडावी लागली.