नौकेच्या इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

कॅमशाफ्ट हा फोर-स्ट्रोक इंजिनातील व्हॉल्व्ह ठरलेल्या क्षणी उघडणारा व मिटू देणारा दंड होय. नौकेच्या इंजिनाची पुनर्बांधणी करताना झिजलेल्या कॅमशाफ्टच्या जागी कोणता कॅमशाफ्ट बसवला जातो, यावर इंजिनाची ओढ, डिझेलचा खप आणि खोल समुद्रातील भरवसा अवलंबून असतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात वेसावे, मढ, मनोरी व गोराई येथील मासेमारी नौकांच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने पावसाळ्यात होते.

कार्य

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ९०० वेळा उघडतो. दहा तासांच्या सलग फेरीत ही संख्या ५ लाख ४० हजारांवर जाते. कॅमच्या उंचवट्याचा आकार व्हॉल्व्ह किती उचलला जाईल, किती काळ उघडा राहील आणि आत घेणारा व बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह एकाच वेळी किती काळ उघडे असतील, हे ठरवतो. शेवटच्या गोष्टीस ओव्हरलॅप म्हणतात. उंचवटा झिजला की सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, धूर काळा होतो आणि ओढ घटते. हा दोष पुष्कळदा इंधन पंपाचा समजला जातो.

उपनगरातील नौका

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होण्यापूर्वी इंजिन उघडून, भाग मिळवून, ते पुन्हा जोडावे लागते. त्यामुळे मूळ भाग वेळेवर न मिळाल्यास 'बसतो तो' भाग घेण्याचा मोह मोठा असतो. चूक रस्त्यावरील ट्रकमध्ये झाल्यास वाहन कडेला घेता येते. ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका मात्र खडकाकडे वाहत जाऊ शकते.

येथील अनेक मोठ्या नौकांवर अशोक लेलँडची सहा सिलिंडरची सागरी इंजिने आढळतात. ती त्याच कंपनीच्या ट्रक-बसच्या इंजिनांवर आधारलेली आहेत. म्हणून कुर्ला येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळणारा वाहनाचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसणे शक्य असते. तो बसला म्हणजे योग्य आहे, असे नव्हे. लहान होड्यांवरील टू-स्ट्रोक आउटबोर्ड यंत्रांना कॅमशाफ्ट नसतो.

निवडीचे निकष

पहिला निकष इंजिनावरील पट्टीवर कोरलेले मॉडेल, क्रमांक व शक्तीचे मानांकन हा होय. एकाच ब्लॉकच्या टर्बोचार्जर असलेल्या व नसलेल्या आवृत्त्यांत ओव्हरलॅप वेगळा असू शकतो.

दुसरा निकष कामाचे स्वरूप. पंख्याला लागणारी शक्ती साधारणतः फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेऱ्या दुप्पट केल्या तर शक्ती सुमारे आठपट लागते. ट्रॉलर जाळे ओढताना तासन्‌तास जवळजवळ एकाच गतीवर मोठा भार वाहतो. डोल जाळे प्रवाहाच्या जोरावर भरते, तेव्हा त्या नौकेचे इंजिन मुख्यतः ये-जा करण्यापुरते राबते. दोन्हींना मध्यम गतीवरील ओढ हवी असते. अधिक उचल देणारा 'जोरदार' कॅम दोघांच्याही कामाचा नाही. डिझेल इंजिनात दाबगुणोत्तर जास्त असल्याने वरच्या टोकाला पिस्टन व व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर अत्यल्प असते. व्हॉल्व्ह जास्त उघडला किंवा चुकीच्या वेळी उघडला, तर तो पिस्टनवर आदळतो.

पेट्रोलच्या सागरी इंजिनात धोका वेगळा आहे. तेथे धुराच्या नळीत थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी सोडलेले असते. मोटारीच्या शर्यतीसाठीचा, मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम बसवल्यास मंद गतीवर हे पाणी उलट सिलिंडरमध्ये ओढले जाते. जोडइंजिनाच्या काही नौकांत एक इंजिन उलट दिशेने फिरते. त्याचा कॅमशाफ्ट वेगळा असतो.

याखेरीज बेअरिंगचे व्यास, गिअरची चावी, तेलपंप चालवणारे दाते आणि इंधन उचलणाऱ्या पंपाचा विकेंद्री उंचवटा हे सर्व जुन्या दंडाशी ताडून पाहावे लागते.

टॅपेटशी जुळणी

कॅम व टॅपेट यांचा स्पर्श अत्यंत चिंचोळ्या पट्ट्यात होतो आणि तेथे दाब प्रचंड असतो. सपाट दिसणाऱ्या टॅपेटचे तोंड बहुधा किंचित फुगीर असते व कॅमला सूक्ष्म उतार असतो, त्यामुळे टॅपेट फिरत राहून सारखा झिजतो. नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट ठेवल्यास नवा दंड थोड्याच दिवसांत खराब होतो. ही काटकसर सर्वांत महाग पडते. ओतीव लोखंडाचा कॅम व पोलादी कॅम यांना टॅपेटचे वेगवेगळे धातू लागतात, आणि रोलर टॅपेटसाठीचा दंड सपाट टॅपेटला चालत नाही. जुना दंड वापरण्याजोगा असल्यास त्याचे टॅपेट त्याच क्रमाने परत बसवतात.

घासून घेतलेला दंड

उंचवट्यांची उचल डायल गेजने मोजून परस्परांशी व निर्मात्याच्या आकड्यांशी ताडतात. वापरात नसलेल्या इंजिनात खाऱ्या दमट हवेने पडलेले खड्डे बोटालाही जाणवतात. झीज थोडी असल्यास दंड ग्राइंडिंग करून मूळ आकार परत मिळवता येतो. मात्र त्यात कॅमचे मूळ वर्तुळ लहान होते, पुशरॉड खाली बसतो आणि रॉकरचा स्क्रू पुरेनासा झाल्यास लांब पुशरॉड लागतो. पृष्ठभागावरील कठीण थर घासला गेला, तर आतला मऊ धातू टिकत नाही. म्हणून ग्राइंडिंगनंतर कठीणपणाची तपासणी आवश्यक ठरते.

बसवणी

टायमिंग गिअरच्या खुणा जुळवून, कॅम व टॅपेटला जोडणीचे वंगण लावून इंजिन सुरू करतात. सपाट टॅपेट असल्यास सुरुवातीला इंजिन फार वेळ मंद गतीवर ठेवत नाहीत, कारण अनेक इंजिनांत कॅमवर पडणारे तेल फेऱ्यांबरोबर वाढते. नौका किनाऱ्यावर ओढलेली असल्यास थंड करणाऱ्या पंपाला बाहेरून पाणी पुरवावे लागते.

मोठी जहाजे

१ जानेवारी २००० पासून बांधणीस घेतलेल्या जहाजांवरील १३० किलोवॅटपेक्षा मोठ्या डिझेल इंजिनांना मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टातील नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादा लागू होतात. अशा इंजिनाच्या तांत्रिक नोंदीत कॅमशाफ्टचा समावेश असेल, तर बदललेला भाग त्या नोंदीतील खुणेशी जुळणे बंधनकारक असते. काही आधुनिक टू-स्ट्रोक जहाज-इंजिनांत व्हॉल्व्ह व इंधन यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि त्यांत कॅमशाफ्टच नसतो.