इंटरफेरॉन आणि हिपॅटायटिस बी: रक्तातल्या खुणांचा इतिहास

दीर्घकालीन हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर इंटरफेरॉन (विषाणूची बाधा झालेल्या पेशी सोडतात ते प्रथिन) लागू पडते आहे की नाही, हे रुग्णाकडे बघून कळत नाही. अनेकांना वर्षानुवर्षे कसलाच त्रास नसतो. उलट इंजेक्शने सुरू झाली की ताप, अंगदुखी आणि थकव्याने माणूस आधीपेक्षा आजारी दिसू लागतो. त्यामुळे या उपचाराची मदार पहिल्यापासून रक्ततपासणीवर राहिली. रक्तात नेमके काय शोधायचे, हे मात्र बदलत गेले.

पहिली खूण हाती लागली ती कावीळ शोधताना नव्हे. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग माणसांच्या रक्तातील प्रथिनांमधले आनुवंशिक फरक तपासत होते. आगरच्या थरात खळगे पाडायचे, एकात तपासायचे रक्तद्रव घालायचे, शेजारच्या खळग्यात अनेकदा रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचे. दोन्ही झिरपत एकमेकांना भेटली आणि मध्ये पांढरट रेघ उमटली, की काहीतरी जुळले असे समजायचे. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाने अशी रेघ दिली. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’चा काविळीशी असलेला संबंध पुढच्या दोन-तीन वर्षांत पक्का झाला. आजचा सरफेस अँटिजेन तो हाच. रक्तपेढ्यांना ही तपासणी वरदान ठरली, पण औषधाचा परिणाम जोखायला ती अपुरी होती: रेघ उमटे किंवा न उमटे, विषाणू वाढतो आहे की थंडावला आहे हे त्यातून कळत नसे.

ती उणीव 1970 च्या दशकात भरून निघू लागली. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेव्हिड डेन यांना 1970 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचा पूर्ण कण दिसला. 1972 साली स्वीडनमध्ये ई-अँटिजेन सापडला; तो रक्तात असणे ही विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण मानली गेली. आणि कणाच्या गाभ्यात डीएनए तयार करणारे पॉलिमरेज हे विकर असल्याचे आढळले. या विकराची क्रियाशीलता किरणोत्सारी घटक वापरून मोजता येई. विषाणूच्या वाढीचा आकडा प्रथमच डॉक्टरांच्या हाती आला.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 1976 साली याच आकड्यावर इंटरफेरॉन तपासले. औषध तेव्हा अतिशय दुर्मिळ होते. हेलसिंकीत कारी कांतेल रक्तदात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढत, त्यांना सेंडाई विषाणूची बाधा करत आणि पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन गाळून घेत. इंजेक्शने सुरू होताच पॉलिमरेज झपाट्याने उतरले. दहा दिवसांत उपचार थांबवला तर ते पुन्हा चढे. महिनाभर किंवा जास्त दिला तर उतार टिकण्याची चिन्हे दिसत. रुग्ण मोजकेच होते, पण औषध किती काळ द्यायचे हा प्रश्न मोजमापातूनच पुढे आला, ही त्या अभ्यासाची खरी कमाई म्हणावी लागेल.

1980 साली झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने इंटरफेरॉनचे जनुक जिवाणूत घातले आणि टंचाईचा प्रश्न सुटण्याची वाट खुली झाली. मोठ्या चाचण्या झाल्या. 1990 च्या अमेरिकी चाचणीत रोज 50 लाख युनिट, 16 आठवडे घेतलेल्यांपैकी 37 टक्के रुग्णांच्या रक्तातून ई-अँटिजेन व विषाणूचा डीएनए नाहीसा झाला. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. याच काळात एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांच्या अंगवळणी पडली. उपचाराच्या मध्यावर एसजीपीटी या यकृतातील विकराची रक्तातली पातळी अचानक उसळी घेई. एरवी हे यकृत बिघडल्याचे लक्षण; इथे मात्र शरीराची प्रतिकारशक्ती बाधित पेशींवर तुटून पडल्याचे ते लक्षण ठरे, आणि त्यापाठोपाठ अनेकदा ई-अँटिजेन जाई. सिरॉसिस झालेल्यांत मात्र हीच उसळी जीवघेणी ठरू शके, म्हणून तपासण्या वारंवार कराव्या लागत.

ई-अँटिजेनवरचा विश्वास फार काळ निर्धास्त राहिला नाही. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ई-अँटिजेन नसूनही यकृत झिजत चाललेले रुग्ण दिसत होते. 1989 साली कारण सापडले: विषाणूच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने ई-अँटिजेन तयार होणेच थांबते, विषाणू मात्र वाढत राहतो. अशा रुग्णांत डीएनए मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. जुन्या पद्धतीत पडद्यावर रक्तद्रवाचा ठिपका ठेवून किरणोत्सारी खूण लावत आणि एक्स-रे फिल्मवर काळा डाग पडतो का ते पाहत. विषाणू लाखांच्या घरात असला तरच डाग दिसे. डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राने ही मर्यादा खूपच खाली आणली. ‘विषाणू गेला’ असा निर्वाळा मिळालेल्या कित्येकांच्या रक्तात तो थोडाबहुत होताच, हेही तेव्हा उघड झाले.

आठवड्यातून एकदा घ्यायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन 2005 च्या सुमारास आले. उपचार 48 आठवड्यांचा झाला. खर्च आणि त्रास दोन्ही मोठे, म्हणून ज्यांना गुण येणार नाही त्यांना लवकर ओळखणे निकडीचे बनले. इथे सर्वात जुनी खूण नव्या कामाला आली. सरफेस अँटिजेन आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो किती आहे, हे यंत्रे अचूक मोजू लागली होती. विषाणूच्या बी व सी जनुकप्रकारांत ई-अँटिजेन असलेल्या रुग्णाची पातळी बाराव्या आठवड्यात मिलिलिटरमागे 20,000 आंतरराष्ट्रीय युनिटच्या वर असेल, तर उपचार थांबवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. भारतात प्रामुख्याने डी आणि ए हे प्रकार आढळतात. डी प्रकारात, ई-अँटिजेन नसलेल्या रुग्णांसाठी कसोटी दुहेरी आहे: बारा आठवड्यांत सरफेस अँटिजेन मुळीच घटला नाही आणि डीएनएही शंभरपटीने कमी झाला नाही, तर इंजेक्शने बंद करून विषाणूरोधक गोळ्यांकडे वळायचे.