युगोस्लाव्हिया : एका राष्ट्राचा उदय आणि विलय

१९८१ सालीं युगोस्लाव्हियांत खानेसुमारी झाली, तेव्हां सुमारें १२ लक्ष लोकांनीं आपण सर्ब, क्रोट किंवा स्लोव्हीन आहों असें न सांगतां, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यांत ‘युगोस्लाव्ह’ हा एकच शब्द लिहविला. पुढें दहा वर्षांतच तें राष्ट्र मोडलें. श्रोतेहो, असें कां व्हावें?

युगोस्लाव्हिया म्हणजे दक्षिण स्लावांची भूमि. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचें साम्राज्य कोसळलें आणि १ डिसेंबर १९१८ रोजीं बेलग्रेड येथें सर्ब, क्रोट व स्लोव्हीन यांच्या संयुक्त राज्याची घोषणा झाली. सर्ब आणि क्रोट यांची बोली जवळजवळ एकच. परंतु सर्ब ऑर्थोडॉक्स पंथाचे, क्रोट कॅथलिक, आणि बोस्नियांत मुसलमानांची वस्ती मोठी. अशा एकत्र कुटुंबांत अधिकारांची वांटणी समजुतीनें व्हावयास हवी होती. ती झाली नाहीं. १९२८ सालीं क्रोट पुढारी स्टेपान राडिच यांच्यावर भर पार्लमेंटांत गोळी झाडण्यांत आली व त्या जखमेनेंच ते वारले. दुसऱ्या वर्षीं अलेक्झांडर राजानें घटना गुंडाळून सर्व सत्ता हातीं घेतली आणि देशाला युगोस्लाव्हिया हें नांव दिलें. नांव एक झालें. मनें एक झालीं नाहींत. १९४१ सालीं जर्मनांची स्वारी येतांच देशबांधवांनींच एकमेकांच्या कत्तली केल्या.

त्या वणव्यांतून मार्शल टिटो पुढें आले. त्यांनीं सहा घटक राज्यांचें संघराज्य उभारलें, १९४८ सालीं स्टालिनशीं उघड फारकत घेतली, आणि १९६१ सालीं अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडलाच भरविली. पंडित नेहरू तिला उपस्थित होते. १९७४ च्या घटनेनें राज्यांना विपुल अधिकार दिले. परंतु त्यांना बांधणारी गांठ म्हणजे स्वतः टिटो आणि त्यांचा एकमेव पक्ष. ४ मे १९८० रोजीं टिटो निवर्तले. मागें राहिलें तें आठ जणांचें अध्यक्षमंडळ, परदेशी कर्जाचा डोंगर आणि भडकत जाणारी महागाई. लोकांच्या या असंतोषाला मिलोशेविच यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं वांशिक अभिमानाची वाट करून दिली. १९९० सालीं पक्ष फुटला; २५ जून १९९१ रोजीं स्लोव्हेनिया व क्रोएशिया स्वतंत्र झाल्याचें जाहीर झालें. बोस्नियांतील युद्धांत, १९९२ ते १९९५ या काळांत, सुमारें एक लक्ष माणसें बळी पडलीं.

हा सर्व जुन्या वैराचा परिणाम, असें म्हणणें सोपें आहे. पण तें पुरतें खरें नाहीं. याच लोकांनीं एकमेकांशेजारीं घरें बांधलीं होतीं, सोयरिकी जुळविल्या होत्या. उणीव होती ती निराळीच. भांडण उघडपणें मांडावें आणि न्यायानें मिटवावें, असें स्थान त्या राष्ट्रांत राजानें निर्माण केलें नाहीं आणि पक्षानेंही केलें नाहीं.

मोस्तारचा १५६६ सालचा दगडी पूल १९९३ सालीं तोफांनीं पाडला. २००४ सालीं तो पुन्हां जसाच्या तसा बांधण्यांत आला. त्या १२ लक्षांचें राष्ट्र मात्र पुन्हां उभें राहिलें नाहीं.